दिवाळीनंतरही बाग फुलती ठेवायची तर: सातारा-सांगलीच्या घरबागेसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक घर साताऱ्यात शाहूपुरीत, दुसरं सांगलीत विश्रामबागेत. दिवाळी सरली की दोन्हीकडे झेंडू काळवंडतो, मोगरा बंद पडतो आणि शेवंती नुसती पानांनी भरते, कळी काही दिसत नाही. तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत आणि जमलं तर दत्तजयंतीपर्यंत देवाला घरची फुलं मिळावीत, यासाठी आता काय करायचं?

सगळा दोष थंडीवर टाकू नका. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठतं, ते वेगळं. सातारा शहरात किंवा सांगली-मिरजेत कडाक्याच्या रात्रीही झाड मरेल इतकी थंडी पडत नाही आणि दुपारी ऊन चांगलं तापतं. या दिवसांत बहुतेक बागा थांबतात त्या तीन गोष्टींनी: फुलांनी बी धरलेलं असतं, पाणी ऑक्टोबरच्या उन्हाच्या हिशेबानेच चालू असतं, आणि शेवंतीसारख्या झाडावर रात्रभर दिवा पडत असतो. तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

आधी कुणाच्या मागे लागायचं नाही ते ठरवा. मोगरा थंडीत विश्रांती घेतो. त्याला आता खत घातलं तर कोवळी पानं येतील, कळ्या नाहीत. त्याचं पाणी कमी करा आणि जानेवारीअखेर छाटणी करा, उन्हाळ्यात तो सगळी भरपाई करतो. सोनटक्क्याचा बहर आटोपलेला असतो. फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापा, म्हणजे कंदाला जागा मोकळी होते. निशिगंध चालू राहतो, पण दांडे कमी आणि उशिरा निघतात, ते धरून चाला. पारिजातकाचा सडा नोव्हेंबरात विरळ होत जातो आणि त्यात करण्यासारखं काही नसतं. तेरडा संपला की संपला. कासच्या पठारावर पाऊस ओसरताच तेरडे बी धरून मोकळे होतात, कारण जांभ्यावरच्या त्या पातळ मातीत ओल टिकत नाही. घरच्या तेरड्याचा स्वभावही तोच. शेंगा तडकण्याआधी बी गोळा करा, झाड उपटून कंपोस्टमध्ये टाका आणि ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.

आता झेंडू. दसऱ्या-दिवाळीला फुललेलं झाड दिवाळीनंतर लोक उपटून टाकतात. निम्म्या झाडांच्या बाबतीत ही घाई असते. बुंध्याशी खोड अजून हिरवट असेल, ते दाबून पोकळ लागत नसेल आणि पानांच्या बेचक्यातून बारीक फुटवे निघालेले दिसत असतील, तर त्या झाडात अजून एक बहर शिल्लक आहे. सुकलेलं फूल नुसतं वरून ओरबाडू नका. फुलाखालचा फुगीर हिरवा देठ मागे राहिला की त्यात बी भरत राहतं, आणि बी भरायला लागलं की झाड नव्या कळीवर शक्ती घालत नाही. फूल त्याच्या दांड्यासकट, खालच्या पहिल्या पानजोडीपर्यंत कापा. एका वेळी एकतृतीयांशाहून जास्त झाड कापायचं नाही. मग कुंडीतली वरची दोन बोटं माती खुरप्याने हलवून दोन मुठी गांडूळखत मिसळा आणि पाणी द्या. तीन-चार आठवड्यांत नवी फुलं येतात. ती दसऱ्याच्या फुलांएवढी मोठी नसतात, पण थंडीमुळे झाडावर जास्त दिवस टिकतात. बुटका फ्रेंच झेंडू या कामाला आफ्रिकन झेंडूपेक्षा सरस आहे. तो नियमित खुडत राहिलात तर जानेवारीपर्यंत हटत नाही.

झाड खरंच म्हातारं झालं असेल तर त्याच्याच फुटव्यांचं छाट लावा. कळी नसलेला, ८ ते १० सेंटिमीटरचा शेंडा घ्या, खालची पानं काढा आणि ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. साधारण दोन आठवड्यांत मुळं धरतात. बियांपासून फूल यायला दोन महिन्यांहून जास्त लागतात, छाटाला त्यापेक्षा बरेच कमी. पाडव्याच्या सुमारास लावलेलं छाट दत्तजयंतीला फूल देऊ शकतं. रोपं लहान राहतात, म्हणून ८ इंची कुंडीत तीन छाटं एकत्र लावावीत.

शेवंतीवर थोडं जास्त बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त निराशा तिच्यापायी होते. ती कळी धरते रात्र लांबल्यावर. आपल्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास दिवस १३ तासांपेक्षा थोडा मोठा असतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तो ११ तासांवर येतो. फरक एवढाच, पण शेवंतीला तो पुरतो. पावसाळा संपता संपता झाड पानं वाढवणं सोडून कळ्यांकडे वळतं आणि नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत फुलतं. अट एकच आहे: रात्र सलग काळोखी हवी. फाटकावरचा दिवा, रस्त्यावरचा खांब, गच्चीवर रात्रभर जळणारा एलईडी यांचा उजेड झाडावर पडत राहिला तर त्याच्या लेखी जून संपतच नाही. मध्यरात्री काही वेळ प्रखर दिवा लागला तरी लांब रात्रीचे दोन तुकडे होतात आणि कळी लांबते. शेवंती उशिरा फुलवायची असेल तेव्हा व्यापारी शेतकरी शेतात दिवे लावून हीच युक्ती मुद्दाम वापरतात. तुमच्या घरी तीच नकळत होत असते.

ओळखायची खूण सोपी आहे. दिव्याच्या बाजूची झाडं हिरवीगार आणि कळीविना, तर त्याच जातीची, भिंतीआड किंवा परसात ठेवलेली झाडं कळ्यांनी भरलेली, असं दिसलं तर कारण दिवाच. कुंडी हलवता येत असेल तर काळोखात हलवा. जमिनीत लावलेलं झाड असेल तर दिवा बंद ठेवा किंवा त्याला आडोसा करा. तेही जमत नसेल तर संध्याकाळी ६ ला मोठं खोकं किंवा जाड काळं कापड घालून झाड झाका आणि सकाळी ७ ला काढा. हे रोज, एकही दिवस न चुकवता, कळ्या वाटाण्याएवढ्या होईपर्यंत करायचं. त्याला तीन-चार आठवडे लागतात आणि तिथून फूल उमलायला आणखी चार-पाच. म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाकायला लागलात तर फुलं डिसेंबरअखेर किंवा त्यानंतर. मार्गशीर्षातले सुरुवातीचे गुरुवार या वर्षी हुकतील, पण संक्रांतीला झाड भरलेलं असेल.

कळी न येण्याचं दुसरं कारण म्हणजे शेंडा उशिरा खुडणं. शेंडा खुडला की फुटवे वाढतात हे खरं, पण शेवटची खुडणी ऑगस्टअखेर झालीच पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडलेला शेंडा म्हणजे धरत आलेली कळीच खुडणं. तिसरं कारण नत्र. युरिया, शेंगदाणा पेंडीचं पाणी किंवा ताजी मळी (साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा गाळ) देत राहिलात तर पानं तळहाताएवढी होतात आणि कळी मागे पडते. कळ्या मोहरीएवढ्या दिसू लागल्या की ही सगळी खतं बंद करा आणि ००:००:५० हे नत्र नसलेलं, पालाशचं विद्राव्य खत २ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून दर १०-१२ दिवसांनी मुळाशी द्या. पाकळीचा रंग दिसला की तेही थांबवा.

मोठं एकेकटं फूल हवं असेल तर प्रत्येक फांदीवरची टोकाची कळी ठेवून बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच नखाने काढा. पूजेसाठी आणि वेणीसाठी मात्र हे करू नका. झिप्री, राजा, रेवडी या जाती गुच्छातच शोभतात आणि फुलांची संख्या हेच त्यांचं बळ. फांद्या जड झाल्या की बांबूच्या कामट्या रोवून सुतळीने सैल बांधा. भरलेलं झाड एकदा पहाटेच्या दवाने वाकून मोडलं की ती फांदी परत उभी राहत नाही.

शेवंतीच्या शेंड्यावर काळा मावा गर्दी करून बसतो. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढा. दोन-तीन दिवस सलग हे केलं तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. लागलंच तर नीमतेल ५ मिलि आणि साबणाचं पातळ द्रावण १ मिलि, एक लिटर पाण्यात नीट घोटून, संध्याकाळी. उमललेल्या फुलावर ते पडू देऊ नका, पाकळीवर डाग पडतात. खालची पानं काळ्या ठिपक्यांनी करपत वर चढत असतील तर तो बुरशीचा रोग आहे. ती पानं खुडून जाळा, वरून पाणी घालणं बंद करा आणि मॅन्कोझेब २ ग्रॅम प्रतिलिटर फवारा. नाक-तोंड झाकून, हातमोजे घालून फवारा आणि त्यानंतर आठवडाभर तरी त्या झाडाची फुलं केसात किंवा देवाला घेऊ नका.

गुलाबाची छाटणी परतीचा पाऊस थांबला की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला करायची असते. तेव्हा केली असेल तर ४५-५० दिवसांनी, डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला मोठा बहर येतो. पण दिवाळी उलटून गेली आणि छाटणी राहिली असेल, तर आता खोल छाटणी करू नका. थंडीत फुटवा सावकाश वाढतो, त्यामुळे फुलं थेट जानेवारीत दिसतील. त्याऐवजी फक्त फुलून गेलेले दांडे काढा. फुलापासून खाली येत पाच पानांचं, बाहेरच्या दिशेला डोळा असलेलं पहिलं पान शोधा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. सिकेटर धारदार हवी. चिरडलेल्या कापातून फांदी वरून खाली काळी पडत जाते. तशी काळी फांदी दिसली तर आतलं लाकूड पांढरं-हिरवं लागेपर्यंत कापा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडची दाट पेस्ट लावा. कलमाच्या सांध्याखालून निघालेली जोमदार फूट मात्र मुळापासून ओढून काढायची, कितीही टवटवीत दिसली तरी. ती खुंटाची असते आणि वरचं कलम उपाशी ठेवते.

या दिवसांत फारसं काही न मागता फुलणारी आपली खरी झाडं म्हणजे कोरांटी आणि अबोली. कोरांटी पिवळी, पांढरी, निळसर जांभळी, गुलाबी अशा रंगांत ऐन भरात असते. नर्सरीवाले ती फार कमी ठेवतात याचं वाईट वाटतं. शेजारच्या कुंपणातून फांदी मागून आणा, ती छाटाने लागते. फुलं संपेपर्यंत तिला कात्री लावू नका, फेब्रुवारीत फूटभर ठेवून छाटा. अबोलीला दुपारची सावली आणि ओलसर, पण पाणी न साचणारी माती हवी. तिची वाळलेली कणसं काढत राहिलात तर नवी येत राहतात. अबोलीचं झाड पाणी-खत असूनही खुरटत असेल तर उपटून मुळं पाहा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. ती माती पुन्हा अबोलीला वापरू नका, तिथे झेंडू लावा.

सदाफुलीही आता सुटते. पावसाळ्यात मुळं कुजून जी मरायची ती मेलेली असतात. उरलेल्यांना ऊन द्या आणि माती वरून कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नका. कुंदाला नोव्हेंबरात कळ्या धरू लागतात. अस्ताव्यस्त दिसतो म्हणून अनेक जण नेमका तेव्हाच त्याला छाटतात आणि हिवाळ्याचा सगळा बहर घालवतात. बोगनवेल पाण्याने नाही, पाणी तोडल्याने फुलते. पानं किंचित लवली की भरपूर पाणी द्या, मग पुन्हा लवेपर्यंत थांबा. लालपत्रीलाही शेवंतीसारखाच काळोख लागतो.

जास्वंद फुलतं, पण कळ्या पिवळ्या पडून गळतात ही तक्रार नेहमीची. त्यामागे बहुधा दोन गोष्टी असतात: एक दिवस कोरडं ठक्क आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं पाणी, किंवा देठाशी बसलेले पिठ्या ढेकूण. ढेकूण थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. मुंग्यांची रांग दिसली तर ढेकूण शोधाच, कारण मुंग्या त्यांच्या चिकट गोड स्रावासाठीच येतात.

पाणी आणि माती या बाबतीत सातारा आणि सांगली यांना एकच सल्ला चालत नाही. साताऱ्यात, विशेषतः शहराच्या पश्चिमेला, माती तांबूस आणि निचऱ्याची. ती लवकर सुकते आणि खत वाहून जातं. तिथे कमी मात्रेत, पण वारंवार खत द्यावं, आणि चुलीची मूठभर राख महिन्यातून एकदा घातली तर फायदाच होतो. सांगलीच्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीत हेच केलं तर नुकसान. ती माती आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते, राखेने आणखी बिघडते. वरून भेगा पडलेल्या दिसतात, पण बोटभर खाली चिकट ओल असते, आणि भेगा पाहून पाणी घातलं की मुळं गुदमरतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. ऑक्टोबरात कुंडीला रोज पाणी लागतं, नोव्हेंबरच्या मध्यानंतर दोन-तीन दिवसांआड पुरतं. ते सकाळी, मुळाशी द्यावं. संध्याकाळी पानं भिजली आणि वर रात्रीचं दव पडलं की भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला, आमंत्रणच.

सांगलीत गुलाब, जास्वंद, शेवंती यांची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं, तर झाड उपाशी आहे म्हणून आणखी शेणखत ओतू नका. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) २ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांची टोकं करपलेली असतील तर बोअरच्या पाण्यातले क्षार साठलेत. वरचा थर खरवडून टाका आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडं पाणी सावकाश ओतून तळातून वाहू द्या. काळी माती कुंडीत एकटी कधीच भरू नका. चार भाग तांबडी माती, तीन भाग कुजलेलं शेणखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण दोन्हीकडे चालतं.

उसाचं पाचट दोन्ही जिल्ह्यांत हवं तेवढं मिळतं. त्याचे वीतभर तुकडे करून जमिनीतल्या आळ्यात तीन बोटं जाडीचा थर द्या, पण बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो आणि वाळवी लागते. कारखान्याची मळी वापरायची तर पूर्ण कुजून थंड झालेली, मातीसारखा वास येणारीच घ्या. गरम मळी मुळं जाळते.

रोग-किडींपैकी आता दोनच खरे त्रासदायक. ऑक्टोबरच्या उन्हात झेंडू आणि गुलाबाच्या पानांमागे लाल कोळी वाढतो. पान धुरकट, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पांढऱ्या कागदावर पान झटका, बारीक ठिपके चालू लागले की कोळी समजा. त्याला कोरडी हवा मानवते, म्हणून आठवडाभर रोज सकाळी पानांची मागची बाजू पाण्याने धुणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. थंडी वाढली की पाळी भुरीची, झिनिया, डेलिया आणि गुलाब यांच्यावर. पिठासारखे पहिले डाग दिसताच पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रतिलिटर फवारा. दुपारच्या उन्हात नको, आणि नीमतेल फवारल्यावर किमान दोन आठवडे गंधक नको. दोन्ही एकत्र आले की पानं भाजतात.

मोकळ्या झालेल्या कुंड्यांसाठी आता बी पेरत बसू नका, नर्सरीतून तयार रोपं आणा. पेटुनिया, डायन्थस, डॉग फ्लॉवर, कॅलेंडुला यांची कळी नसलेली, बसकी, दाट पानांची रोपं निवडा. फुललेलं रोप पिशवीत देखणं दिसतं, पण लावल्यावर महिनाभर रुसतं. ॲस्टर हवा असेल तर फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हाइट या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जाती आपल्या हवामानात चांगल्या येतात. मात्र ॲस्टर एकदा फुलला की पुन्हा फुलत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी ऑगस्टपासून दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं बी पेरा, आणि दर वेळी माती बदला, नाहीतर मर लागते.

शेवंती फुलून गेली की झाड टाकू नका. जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा, अर्धसावलीत ठेवा आणि पाणी बेताचं चालू ठेवा. फेब्रुवारीपर्यंत बुंध्याभोवती मुनवे निघतात. ते मुळासकट सोडवून लहान पिशव्यांत लावायचे आणि जूनमध्ये मोठ्या कुंडीत हलवायचे. फुलं झाडावर असतानाच प्रत्येक कुंडीला रंगाची आणि जातीची पाटी बांधून ठेवा, कारण मुनव्यांवरून पांढरी कुठली आणि पिवळी कुठली ते ओळखता येत नाही.